चौक, कर्ज आणि दंडाची पावती



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची उमेदीची सगळी वर्षं डहाणू-तलासरीकडच्या आश्रमशाळांत गेली. वर्गात एखादं पोर वारली बोलीतलं क्रियापद वापरून उत्तर द्यायचं आणि बाकीची हसायची. अशा वेळी गुरुजी फळ्यावर दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहायचे. एक खोडून त्या जागी दुसरं लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. दीड वर्ष मी त्यांच्या हाताखाली होतो, मग नोकरी सोडून चळवळीत गेलो. आज इथे जे मांडणार आहे, ते त्या फळ्यावर मी कधीच वाचलेलं होतं. कळायला मात्र पंचवीस वर्षं लागली.

माझं म्हणणं आधीच सांगतो. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या लढ्याला आपण जमिनीचा आणि मजुरीचा लढा म्हणतो, आणि तो तसा होताच. पण ज्यांनी तो लढला, त्यांच्या जगण्यात जमीन एकीकडे आणि लग्न, गाणं, देव दुसरीकडे अशी वाटणी नव्हती. आम्ही डाव्यांनी जमिनीची बाजू जिवाच्या कराराने लढवली आणि दुसरी बाजू ‘मागाहून बघू’ म्हणून ठेवून दिली. ते चुकलं. ही चूक चळवळीच्या बाहेरच्या माणसाने दाखवण्याआधी आतल्या माणसाने सांगितलेली बरी, म्हणून मी उभा आहे.

एक शब्द घेतो, लग्नगडी. गडी म्हणजे कामावरचा माणूस हे सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नासाठी सावकाराकडून रुपये उचलले म्हणून जन्मभराचा गडी झालेला माणूस तो लग्नगडी. तो सावकाराच्या शेतावर राबायचा, बायको वाड्यावर राबायची, पोर चालायला लागलं की गुरांमागे जायचं. कर्ज फिटलं असं चोपडीत कधी लिहिलं जात नसे, कारण चोपडी सावकाराची आणि अक्षरही त्याचंच. बाप मेला की देणं मुलाच्या नावावर. वाड्यावर त्या बाईच्या वाट्याला आणखी काय काय यायचं, हे त्या भागात सगळ्यांना माहीत होतं आणि विचारणारं कुणी नव्हतं.

लग्नगडी नसलेल्यांचीही वेगळी गत नव्हती. शेतात पीक उभं असताना सावकाराचा माणूस हाकारा घालायचा आणि आपलं भात टाकून त्याच्या भाताला जावं लागायचं. ही वेठ. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी घ्यायची आणि सुगीला ती दीडपट, दुपटीने फेडायची. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत याच डोंगरांवरून जायचं, ते कापणारे हात वारल्यांचे आणि दर ठरवणारे व्यापारी. ज्या जमिनीवर हे चालायचं ती दोन-तीन पिढ्यांपूर्वी वारल्यांचीच वहिवाटीची होती. इंग्रजांच्या महसुली पद्धतीने रोख सारा मागितला, रोख पैसा सावकाराकडे होता, आणि जमीन त्या वाटेने गेली. उरलेलं रान 1878च्या जंगल कायद्याने सरकारने राखीव केलं. 1938च्या सुमारास मुंबई प्रांताच्या सरकारने सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडून आदिवासी भागाची पाहणी करवली. वेठीचं आणि सावकारीचं वर्णन त्याच्या अहवालात आहे. म्हणजे सरकारला माहिती नव्हती असं कुणालाही म्हणता येणार नाही. अहवाल छापून झाला आणि वेठ चालू राहिली.

गोदावरी परुळेकर तिथे पोचल्या त्या या पार्श्वभूमीवर. पुण्याच्या गोखल्यांच्या घरातली, कायद्याची पदवी घेतलेली ही बाई आधी भारत सेवक समाजात होती. तिथून बाहेर पडून ती आणि शामराव परुळेकर कम्युनिस्ट पक्षात आणि किसान सभेत आले. शामराव त्याआधी डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षात होते आणि कोकणातल्या खोतीविरुद्धच्या लढ्यात होते. हे मुद्दाम सांगतो, कारण जात आणि जमीन हे दोन प्रश्न महाराष्ट्रात एकाच माणसाच्या हातात असे असायचे, ती दोन टोकं पुढे लांब गेली. जानेवारी 1945मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे माह्या धांगडा आणि आणखी काही वारली आले होते. हजारो शेतकऱ्यांसमोर त्यांनी आपली हकिगत सांगितली आणि जाताना परुळेकरांना आपल्याकडे बोलावलं. चळवळ वारल्यांकडे गेली असं आपण म्हणतो. नीट पाहिलं तर वारल्यांनी तिला बोलावून नेलं.

23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरीला परिषद भरली. पाच हजारांच्या आसपास वारली जमले. ठरलं ते थोडक्यात असं : वेठ करायची नाही. रोख बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही. कुणी मारायला आला तर सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. बस्स. जाहीरनामा नाही, सह्या नाहीत, कारण सही करता येणारे बोटांवर मोजण्याइतके. आणि तरी पुढच्या काही आठवड्यांत शे-दीडशे वर्षांची वेठ त्या भागातून उठली. लोक जथ्याजथ्याने वाड्यांवर गेले आणि लग्नगडी सोडवून आणले. चोपडीतलं देणं तिथेच संपलं.

हे इतक्या लवकर कसं झालं, यावर मी बरीच वर्षं विचार करतोय. आमच्या अभ्यासवर्गात उत्तर ठरलेलं होतं, शोषण टोकाला गेलं होतं आणि नेतृत्व मिळालं. शोषण तर शंभर वर्षं टोकालाच होतं. नेतृत्वही दोन-चार माणसांचं, रात्री पाड्यापाड्यांतून पायी फिरणारं. मला वाटतं, खरी गोष्ट त्या पाड्यात होती. वारल्यांचा पाडा निर्णय घेतो तो सगळ्यांनी मिळून. कुणाच्या घरचं लग्न असो, कुणाला वाळीत टाकायचं असो की परत घ्यायचं असो, माणसं बसतात, बोलणं लांबत जातं, कधी रात्र उलटते, आणि एकदा ठरलं की ठरलं. कागद नसलेल्या समाजात बोललेला शब्द हाच कागद असतो. झरीला पाच हजार माणसांनी जे केलं ते त्यांनी पाड्यात शेकडो वेळा केलेलं होतं. किसान सभेच्या लाल बावट्याने त्यांना एक केलं हे खरं. पण एक होण्याची रीत बावट्याने आणली नव्हती, ती त्यांच्याकडे होती.

झरीनंतर दीड वर्षाने, डिसेंबर 1946मध्ये, छोटानागपूरचे जयपाल सिंग मुंडा संविधान सभेत बोलले. आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिका, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आमच्याकडे तेव्हा कुणी त्या भाषणाचा आणि झरीचा सांधा जुळवला असता तर पुढचं बरंच वेगळं घडलं असतं.

ऑक्टोबर 1945मध्ये गवताच्या कापणीचा दर वाढवून मागण्यासाठी संप सुरू झाला. पाचशे रतल गवताला अडीच रुपये ही मागणी होती. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला या, अशी खोटी बातमी जमीनदारांच्या बाजूने पाड्यांतून पसरवली गेली. हजारो माणसं काठ्या घेऊन रातोरात तलवाड्याला जमली. 10 ऑक्टोबरला पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला. पाच जण मेले, त्यांत जेठ्या गांगड होता. माणसं तरीही बराच वेळ हलली नाहीत, कारण बाईंना वाचवायला आलो आहोत अशीच त्यांची समजूत होती. पुढच्या वर्षी जंगलातल्या तोडीच्या मजुरीसाठी मोठा संप झाला. तोवर मुंबईत काँग्रेसचं सरकार आलं होतं आणि किसान सभेच्या कार्यकर्त्यांवर तडीपारीचे हुकूम निघाले. लोक बाईंशिवाय संप चालवत राहिले. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं. ते पुस्तक 1970 साली आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीत आत्मचरित्रं पुष्कळ आहेत. स्वतःला मागे ठेवून दुसऱ्यांच्या जागं होण्याची हकिगत सांगणारी फार नाहीत.

आता चुकीकडे येतो, आणि ती माझी स्वतःचीच सांगतो.

1983 साली मी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर होतो. एका घरी लग्न निघालं होतं. वारल्यांत कितीतरी जोडपी आधी संसार मांडतात आणि लग्न पुढे पैसे जमतील तेव्हा लावतात, तसंच ते होतं. मी सत्तावीस वर्षांचा, नुकताच पूर्णवेळ झालेला. माझ्या डोक्यात लग्नगडी हा शब्द पक्का बसलेला. ज्या लग्नापायी बाप-आजे गुलाम झाले, त्यात आतासुद्धा धवलेरी, चौक, भगत, ताडी, चार दिवसांचं जेवण कशाला? हार घाला, दोन भाषणं करा, मोकळे व्हा. असं मी बैठकीत सांगितलं. कुणी काही बोललं नाही.

धवलेरी म्हणजे वारल्यांचं लग्न लावणारी बाई. हो, लग्न लावायला तिथे बाई असते, आणि ती गाण्यांतून लावते. त्या पाड्याची धवलेरी तेव्हा पन्नाशीची असेल. दुसऱ्या दिवशी तिने मला घरात बोलावलं आणि भिंतीसमोर बसवलं. कारवीच्या कुडाची भिंत, वर शेणाचा हात, त्यावर ताजा गेरू. सवाशिणी चौक लिहीत होत्या. चित्र ‘काढणं’ नाही, चौक ‘लिहिणं’. वाटीत तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं, हातात बांबूची काडी, तिचं टोक दातांनी चावून मऊ केलेलं. आधी चौकट, तिच्या कडेने नक्षीच्या ओळी, मग आत पालघाट देवी, दोन त्रिकोण टोकाला टोक जोडलेले, हात वर. भोवती झाडं, सूर्य, चंद्र, शिडी, फणी. एकीचा हात थकला की दुसरी तिथूनच पुढे लिहायला घेई, आणि कुठे एक हात संपला, कुठे दुसरा सुरू झाला, हे मला ओळखता येईना. धवलेरी बाजूला बसून गात होती. गाणं थांबवून तिने मला वाटी दाखवली आणि म्हणाली, “याला किती लागतं बाबा? मूठभर तांदूळ. पैसा तेव्हा सावकाराकडेच होता म्हणून त्याच्याकडे गेले.”

मी काही उत्तर दिलं नाही. मला तेव्हा ते उत्तर द्यायच्या लायकीचं वाटलंच नाही, असंच सांगायला हवं. देवीशिवाय लग्न लागत नाही आणि ती देवी बायकांच्या हातून भिंतीवर येते. हातात दुसरं काही नसताना, वेठीच्या काळातही, या बायकांनी ही एक गोष्ट सावकाराच्या चोपडीबाहेर ठेवली होती. सावकाराने लग्नात संधी पाहिली. मी उधळपट्टी पाहिली. दोघांनाही ते लग्न दिसलं नाही.

दिल्ली-मुंबईच्या कलाजगताला मात्र ते दिसलं, पण त्यातला एक तुकडा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे आले, त्यांनी बायकांना आणि मग जिव्या सोमा मशे यांना कागद दिला. कलंबीपाड्याच्या मशे यांचा हात विलक्षण होता, जगभर त्यांची प्रदर्शनं झाली, 2011 साली पद्मश्री मिळाली, 2018च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. जाळं टाकणारा एक कोळी आणि सबंध कागदभर पसरलेलं ते जाळं असं चित्र ज्याने केलं, त्याला ‘लोककलाकार’ म्हणून कोपऱ्यात बसवणं हा अडाणीपणा आहे. पण चौक भिंतीवरून कागदावर आला तसा तो बायकांच्या हातून बऱ्याच अंशी पुरुषांच्या हातात गेला, आणि लग्नातून बाजारात गेला. 2014 साली वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांक मिळाला. आज कपबशीवर, साडीवर, सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल फिरणारी माणसं असतात. त्या नाचणाऱ्यांची जमीन कुणाच्या नावावर आहे, हे त्या भिंतीवर लिहिलेलं नसतं. बाजाराने जमिनीवेगळी संस्कृती उचलली. आम्ही संस्कृतीवेगळी जमीन उचलली होती. दोन्हीकडून माणूस अर्धाच उरला.

ही अर्धी जागा मोकळी राहिली नाही. ‘आदिवासी’ म्हणजे मूळचा रहिवासी. या शब्दात हक्क आहे, आधी कोण होतं हा प्रश्न आहे. ‘वनवासी’ म्हणजे वनात राहणारा. त्यात फक्त पत्ता आहे, आणि वन सरकारचं असेल तर तो पत्ताही सरकारच्या मर्जीवर. हा शब्द रुजवणारे पाड्यांवर आले, त्यांनी देवळं बांधली, वसतिगृहं काढली, आजाऱ्याला औषध दिलं. कणसरी, हिरवा, वाघोबा या वारल्यांच्या देवांशी आम्हाला काही कर्तव्य नव्हतं. त्यांनी त्या देवांना मोठ्या देवांच्या पंगतीत शेवटच्या पाटावर बसवलं. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी 1943 सालीच आदिवासींना मागासलेले हिंदू ठरवलं होतं. मानवशास्त्रज्ञ एल्विन त्यांच्याशी भांडले. विद्वानांचं हे भांडण आम्ही अभ्यासवर्गात वाचलं आणि ‘हा वरच्या इमल्याचा प्रश्न, पाया बदलला की सुटेल’ म्हणून सोडून दिलं. पंगतीतला शेवटचा पाट हा पायाचाच प्रश्न असतो, हे फुले वाचूनही आमच्या ध्यानात आलं नाही.

फुल्यांचं नाव आलंच आहे तर थोडं थांबतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883चा. जंगल खात्याने गायरानं आणि डोंगर बंद केल्यामुळे गरिबांची काय दैना झाली, याबद्दल त्यात त्यांनी संतापून लिहिलं आहे. त्याच्या चाळीस वर्षं आधी, 1842 साली, चोवीस वर्षांचा एक जर्मन पत्रकार ऱ्हाइन प्रांताच्या विधानसभेतल्या चर्चेवर लेख लिहीत होता. विषय होता, जंगलात पडलेली सुकी लाकडं वेचणाऱ्या गरिबांना चोर ठरवणारा कायदा. तो पत्रकार कार्ल मार्क्स. आर्थिक प्रश्नांकडे आपण वळलो ते या लाकूडचोरीच्या प्रकरणामुळे, असं त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. डोक्यावर मोळी घेऊन डहाणू स्टेशनकडे चालत जाणारी बाई, जिला जंगल खात्याचा गार्ड अडवतो आणि मोळी ठेवून घेतो, ती मार्क्सवादाच्या परिघावरची बाई नाही. तिथूनच तो सुरू झाला. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

पेरूमध्ये मारियातेगी नावाच्या तरुण मार्क्सवाद्याने 1928 साली हाच विचार मांडला. आदिवासींचा प्रश्न शिक्षणाने वा धर्माने सुटणार नाही, तो जमिनीचा प्रश्न आहे, असं तो म्हणाला. पण तो तिथेच थांबला नाही. गावाची सामाईक मालकी आणि एकमेकांच्या शेतात राबण्याची तिथली जुनी रीत हीच पुढच्या समाजवादाची मुळं ठरू शकतात, असंही त्याने म्हटलं. त्याचं पुस्तक माझ्या हाती झरी परिषदेला पन्नास वर्षं झाल्यावर पडलं. माझी रात्रीची झोप गेली ती त्यातल्या या दुसऱ्या भागाने.

भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. शहादा भागातल्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आलेला हा कवी. आमचं दुःख सांगायला दुसरेच स्टेजवर उभे राहिले, आम्हाला कुणी वर बोलावलं नाही, अशी ती तक्रार आहे आणि ती जमीनदाराविरुद्ध नाही. ती आमच्याविरुद्ध आहे. तलासरीत थोडं बरं घडलं, हे नोंदवायला हवं. 1977 साली डहाणूतून लहानू कोम लोकसभेत गेले. वेठीच्या पिढीच्या लगेच पुढच्या पिढीतला वारली माणूस बावट्याच्या बळावर संसदेत बसला. आजही डहाणूची विधानसभेची जागा त्याच बावट्याकडे आहे. तरीही स्टेजवर काय बोलायचं, याचा मसुदा बराच काळ आमच्यासारख्यांच्या हातात राहिला.

वेठ गेली, कूळकायदा आला. 1 एप्रिल 1957ला कसणारं कूळ मालक झालं असं कायद्याने मानलं. पण ज्याचं नाव कागदावर कूळ म्हणून लागलेलंच नव्हतं, तो कसता असूनही कुणीच नव्हता. आणि जंगलातले प्लॉट या कायद्याच्या बाहेर राहिले. एकसाली म्हणजे वर्षाच्या बोलीने दिलेली जमीन, दर वर्षी नवी मेहेरबानी. काही ठिकाणी तेवढीही नाही. कसायचं आणि दंड भरायचा. या जमिनींसाठी पुढची पन्नास वर्षं किसान सभा, भूमी सेना, कष्टकरी संघटना आणि कितीतरी लहान संघटना लढल्या. आपसांत भांडल्याही. ती भांडणं आज आठवली की वाईट वाटतं. अखेर 2006 साली वनहक्क कायदा झाला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जो आदिवासी कसतो, त्याचा चार हेक्टरपर्यंतचा हक्क मान्य करायचा. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर. दावा आधी ग्रामसभेपुढे. आणि पडताळणीत वडीलधाऱ्यांचं तोंडी सांगणंही लिहून घेतलं तर पुरावा. ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्या कायद्याच्या उद्देशिकेतच नमूद आहे.

2009च्या उन्हाळ्यात मी त्याच पाड्यावर दावे भरायला बसलो होतो. पंचाहत्तरी ओलांडलेली धवलेरी सुनेचा हात धरून आली. सुनेच्या काखेत पत्र्याची पेटी. तीतून आधी लुगडं निघालं, मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला घडीचा कागद निघाला. घड्यांवर फाटलेला, शाई तांबूस झालेली. जंगल खात्याची दंडाची पावती होती, तिच्या सासऱ्याच्या नावाची. गुन्हा : अतिक्रमण. खाली गावाचं नाव, कंपार्टमेंटचा नंबर, रक्कम आणि तारीख. चाळीस वर्षांहून जुनी.

सरकारने ज्या कागदावर त्या घराला गुन्हेगार म्हटलं, तोच कागद आता त्या घराच्या हक्काचा सर्वांत पक्का पुरावा होता. सासरा त्या साली ती जमीन कसत होता, याची साक्ष खुद्द जंगल खात्याने सही-शिक्क्यानिशी दिली होती. मी म्हाताऱ्या बाईला विचारलं, हा कागद इतकी वर्षं का जपला? तेव्हा तर असा कायदा येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ती म्हणाली, सावकाराच्या वेळी कागद नव्हता, म्हणून एकच देणं तीनदा फेडलं; सासरा सांगून गेला होता की पैसे दिल्याचा कागद फेकायचा नाही.

मार्च 2018मध्ये नाशिकहून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. सहा तारखेला निघाले तेव्हा पंचवीस हजारांच्या आसपास होते, मुंबईत पोचेपर्यंत चाळीस हजारांवर गेले. सुरगाणा, कळवण, पेठ, दिंडोरी, डहाणू, तलासरी. बहुतेक सगळे आदिवासी, आणि त्यांची पहिली मागणी वनहक्काचीच. एकशेऐंशी किलोमीटर. चपला तुटलेल्या, तळपायाची कातडी सोलून निघालेली. अकराच्या रात्री ते सोमय्या मैदानावर मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता, मुलांना अडचण नको म्हणून रात्रीच उठून ते आझाद मैदानाकडे चालू लागले. तो निर्णय कसा झाला हे मी पाहिलं. पुढाऱ्यांनी मांडलं, आणि मग त्या प्रचंड मैदानावर गावागावांचे, पाड्यापाड्यांचे गोल बसले. दिवसभर चाललेली माणसं, त्यात साठी उलटलेल्या बायका. अर्ध्या तासाने गोल उठले आणि बावटे हलायला लागले. मला झरी आठवली, जी मी पाहिलेली नाही. सरकारने सहा महिन्यांत दावे निकाली काढण्याचं लेखी आश्वासन दिलं. पुढच्याच वर्षी पुन्हा मोर्चा काढावा लागला, 2023मध्ये पुन्हा. दरम्यान 13 फेब्रुवारी 2019ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला आणि पंधरवड्यात तो स्थगित केला. त्या पंधरवड्यात पाड्यांवर कुणी नीट जेवलं नाही.

पालघर जिल्ह्यात आज सूर्या धरणाचं पाणी वसई-विरारकडे जातं, बुलेट ट्रेनचे खांब उभे राहिले आहेत, वाढवणला 76,000 कोटींहून अधिक खर्चाच्या बंदराची पायाभरणी 2024 साली झाली. किनाऱ्यावर मच्छीमार लढताहेत, आत वारली. अनुसूचित भागांसाठीच्या पेसा कायद्याने आणि वनहक्क कायद्याने ग्रामसभेला विचारल्याशिवाय काही करता येऊ नये. म्हणून मला पाड्यातली ती लांबणारी बैठक, ते गोल आणि धवलेरीचं गाणं हे सगळं राजकारणाच्या आतलं वाटतं. ज्या पाड्यात माणसं अजून एकत्र बसतात तिथे ग्रामसभेचा ठराव टिकतो. जिथे आम्ही त्यांची बसण्याची कारणंच मागासलेली ठरवली, तिथे कुणीतरी एकटादुकटा सही करून येतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली 1,800 हेक्टरहून अधिक जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, त्यामागेही वर्षानुवर्षं सर्वसहमतीने बसायची सवय होती. तिथल्या माणसांनी ती कुठल्या पक्षाकडून घेतली नव्हती.

धवलेरी 2015 साली गेली. तिच्या दाव्याचं सांगतो आणि थांबतो. जमीन दोन एकरांच्या जवळ, मिळाली अठरा गुंठे. उरलेल्या तुकड्यावर उपग्रहाच्या चित्रात झाडं दिसतात, म्हणून ते जंगल, असा शेरा. ती झाडं म्हणजे बांधावरचे तीन मोह आणि एक आंबा, सासऱ्याने ठेवलेले. मोहाची झाडं तोडत नाहीत. सुनेने अपील केलं आहे. पावती झेरॉक्स करून जोडली आहे, मूळ प्रत पेटीत आहे. तिच्या मुलीच्या लग्नाला मी गेल्या वर्षी गेलो होतो, चौक सुनेनेच लिहिला होता. निघताना मी विचारलं, मोजणीला समिती कधी बोलावू? ती म्हणाली, मे महिन्यात या, राब भाजून झाल्यावर. तेव्हा सगळं मोकळं असतं, आजेसासऱ्याचा बांध नीट दिसतो.